क्रमणी

जेठूंनी कोऱ्या कागदाच्या माथ्यावर 'श्रीश्रीदुर्गा सहाय' लिहिलं, खाली एक रेघ ओढली आणि माझ्या बहिणीला म्हणाले, "बेयान, आता सांगा. पान कशाने सुरू करायचं?"

भाचीचं लग्न कोलकात्यात, बंगाली रीतीने व्हायचं होतं. लग्नाच्या रात्रीचं जेवण मुलीकडच्यांनी द्यायचं आणि तिसऱ्या दिवशीचा बोउभात मुलाकडच्यांनी, अशी तिथली वाटणी. आम्ही दोघी बहिणी पुण्याहून त्यासाठी आधी महिनाभर जाऊन राहिलो होतो. जेठू म्हणजे नवऱ्यामुलाचे थोरले काका. बेयान म्हणजे विहीण आणि बेयाई म्हणजे व्याही. हे दोन शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा परक्या गावात ओळखीचा दिवा दिसावा तसं झालं होतं. समोरच्या कागदाला ते 'फर्द' म्हणत. हाही शब्द आपल्या जुन्या दप्तरांत भेटतो. फर्द दोन होणार होते, एक बाजाराचा आणि एक पानाचा. पानाचा आधी.

पण पान कशाने सुरू करायचं, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे पान सुरू होत नाही, ते मांडलं जातं. मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये वरणभाताची मूद. सगळं आपापल्या जागी बसलं की तूप पडतं आणि मग हात चालतो. कुठलाही मराठी माणूस डोळे मिटून डाव्या हाताच्या बाजूला कोशिंबीर शोधेल. बंगाली पान जागेने नव्हे, वेळेने मांडलेलं असतं. एक पदार्थ येतो, त्याच्याशी भात खायचा, तो संपला की पुढचा. आधी कडू, मग शाक, मग डाळ आणि तिच्याबरोबर काही तळलेलं, मग भाजी, मग मासा, मग मांस, मग आंबटगोड चटणी आणि पापड, शेवटी दही-मिठाई. माशानंतर डाळीकडे परतायचं नाही. जेठूंना हे सांगावंही लागलं नाही, त्यांनी फक्त कागदावर वरून खाली आकडे घातले.

या अनुक्रमाला एका बाईने नाव दिलं होतं. प्रज्ञासुंदरी देवी ही हेमेंद्रनाथ ठाकूर यांची मुलगी, म्हणजे रवींद्रनाथांची पुतणी. असमिया साहित्यिक लक्ष्मीनाथ बेजबरुआ हे तिचे पती. 'आमिष ओ निरामिष आहार' हा तिचा पाकग्रंथ बंगाली घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. साहेबांच्या मेजावर असते तशी पदार्थांची यादी आपल्याही पंगतीत असावी असं तिला वाटलं आणि त्या यादीसाठी तिने 'क्रमणी' हा शब्द घडवला. मेन्यू या शब्दामागे बारीकसारीक तपशिलाचा अर्थ आहे, क्रमणीमागे चालण्याचा. एकेक पाऊल टाकत जायची वाट. रवींद्रनाथांच्या पन्नाशीला तिने फुलकोबीची बर्फी करून तिला कविसंवर्धना हे नाव दिलं, पुलावाच्या एका प्रकाराला राममोहनांचं नाव दिलं. पण मला तिचं सगळ्यात मोठं काम हा एक शब्दच वाटतो. तो बंगालीतही फारसा रुजला नाही, याची मला खंत आहे.

तर पान कशाने सुरू करायचं? मी वाचून गेले होते, म्हणून उत्साहाने म्हणाले, "शुक्तोने." कारलं, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, वांगं, वर दुधाचा हात आणि मोहरीचं वाटण, असा तो सौम्य कडू रस्सा. जेठूंनी मान हलवली. लग्नाचा मुहूर्त रात्रीचा, आणि शुक्तो रात्री खात नाहीत. कडूची वेळ दुपारची. त्यांनी पहिल्या आकड्यापुढे लिहिलं, 'लुची, बेगुनभाजा, नारळ घातलेली छोलार डाल.' मग म्हणाले, "भात बोउभाताला." मी तो शेरा सोयीचा समजून सोडून दिला. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की त्या घरात बसून मी ऐकलेलं ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं.

भातावर जगणाऱ्या या प्रदेशात लग्नाच्या रात्री पानात भात का नाही? आज पुलाव असतो, पण तो नंतर आला. जुनी मेजवानी लुचीची. लुची म्हणजे मैद्याची, तुपात तळलेली पांढरी पुरी. पाण्यात शिजलेलं अन्न कच्चं आणि तुपात तळलेलं पक्कं, हा भेद उत्तर हिंदुस्थानात सगळीकडे होता. तूप विटाळ अडवतं, पाणी तो वाहून नेतं अशी समजूत. बंगालीत भाताने खरकट्या झालेल्या वस्तूला 'शोकडी' म्हणतात, आणि आपल्या सोवळ्याच्या घरांतही भाताला लागलेला हात खरकटा, तो धुतल्याशिवाय दुसऱ्या भांड्याला लावायचा नाही. म्हणून ज्या मांडवात नाना जातींचे लोक येणार तिथे यजमान भात वाढूच शकत नसे. वाढला तर निम्मी पंगत उठेल. लुची सगळ्यांना चाले. चिवडादह्याचा आणि लुचीमिठाईचा 'फलार' हा त्याच अडचणीतून निघालेला मार्ग. रामनारायण तर्करत्नांचं 'कुलीनकुलसर्वस्व' हे 1854 सालचं नाटक कुलीन ब्राह्मणांच्या बहुपत्नीत्वावर आहे, आणि त्यात या फलाराची उत्तम, मध्यम, अधम अशी प्रतवारी येते. तेव्हाच्या समाजात मुली कुठे दिल्या जातात आणि भटजी कुठे जेवतात हे दोन वेगळे विषय नव्हते. आपण मराठीत जोडून म्हणतोच, रोटीबेटी व्यवहार.

आणि म्हणून बोउभात. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवी सून सासरच्या नातलगांच्या पानावर आपल्या हाताने भात आणि तूप वाढते. या विधीचं संस्कृत नाव पाकस्पर्श. परक्या घरातून आलेल्या मुलीने शिजल्या अन्नाला हात लावला, आणि कुळातल्या लोकांनी तो भात खाल्ला, की ती त्या कुळाची झाली. अग्नी, सप्तपदी, सिंदूर हे सगळं आधी होऊन गेलेलं असतं. पण पुरोहिताने काय म्हटलं ते पुरोहितापाशी. घराने स्वीकारलं की नाही हे कोणी घास घेतला यावरून कळायचं. एखादा रुसलेला काका जेवायला आला नाही तर त्याचा अर्थ सगळ्या गावाला समजत असे. लुची पाहुण्यांची, भात आपल्यांचा. जेठूंनी सहज लिहिलेल्या दोन ओळींत एवढं सगळं घडी घालून ठेवलेलं होतं, आणि जात मानत नाही असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या त्या घरात ती घडी कोणी उलगडून पाहिली नव्हती. आम्हीही आमच्या घरच्या कितीशा उलगडल्या आहेत?

दुसऱ्या दिवशी माशाचा विषय निघाला आणि खोली गरम झाली. अर्ध्या फर्दावर पंचांगाची सत्ता असते. बंगाल्यांत भाद्र, आश्विन, कार्तिक, पौष आणि चैत्र या महिन्यांत लग्नं होत नाहीत. आमचं अग्रहायणातलं, म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्ध. मुलाच्या आईचं माहेर पद्मेपलीकडचं, फाळणीनंतर आलेलं, म्हणजे 'बांगाल'. वडिलांकडचे पूर्वापार पश्चिमेकडचे, 'घोटी'. हिल्शाशिवाय लग्न कसलं, असं मामांकडच्या एका तरुणाने म्हटलं आणि त्याच्याच आजीने त्याला गप्प केलं. त्यांच्या घरात लक्ष्मीपूजेनंतर सरस्वतीपूजेपर्यंत इलिश, म्हणजे हाच हिल्शा, खात नाहीत. सरस्वतीपूजेला इलिशची जोडी घरात येते, तोवर माशाला नदीत वाढू द्यायचं. शास्त्र म्हणून पाळलेल्या या नेमामागे कोणा कोळ्याचं शहाणपण असावं, असं मला वाटतं. मग घोटींच्या आवडीची मोठी गलदा कोळंबी नारळाच्या दुधात, आणि कातला माशाची कालिया. कातला मोठाच हवा, कारण मोठ्या माशाच्या पोटाच्या तुकड्याला, 'पेटी'ला, जी चरबी असते ती लहान माशात नाही. पाठीकडचा तुकडा 'गादा'. पेटी कोणाला आणि गादा कोणाला हे वाढपी पानापाशी पोचेपर्यंत ठरवतो, आणि त्यात व्याह्यांच्या पानात गादा पडला तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं, असं जेठूंनी अगदी गंभीरपणे सांगितलं. भेटकीचं फिश फ्राय मात्र कोणी वादात घेतलं नाही, ते असतंच. भेटकी म्हणजे आपला अलिबागेकडचा जिताडा. हे मी सांगितलं तेव्हा जेठूंनी पेन खाली ठेवलं, जिताडा हा शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि फर्दात भेटकीपुढे बंगाली लिपीत तोही लिहिला.

माशांची डोकी, तेल आणि आतलं जे उरेल ते पोईची भाजी, भोपळा, वांगं, मुळा यांच्याबरोबर एकत्र शिजवून छँचडा करायचा. हा लग्नघरातच उत्तम होतो, कारण एवढी डोकी एरवी एका घरात येत नाहीत. आजकालच्या केटररांना तो कमी दर्जाचा वाटतो. जेठूंनी तो आग्रहाने लिहिला. त्यांची आई 1943 साली नवी नवरी होती. त्या दुष्काळात कोलकात्याच्या दारोदार लोक भात मागत नव्हते, भाताची पेज मागत होते, 'फ्यान दाओ' म्हणत. बंगालात तेव्हा तीस लाखांच्या आसपास माणसं मेली, असं मानलं जातं. भात मागण्याची हिंमत नसलेली ती हाक जेठूंच्या आईने ऐकली होती आणि जन्मभर या घरात पेज मोरीत ओतू दिली नव्हती. माणशी दोनशे ग्रॅम मटण, दोनशेऐंशी पानं, छप्पन किलो, असा हिशेब करणारा हा माणूस प्रत्येक आकड्यापुढे थोडा थांबत होता. ती काटकसर नव्हती.

त्याच बैठकीत मलाही एक आकडा आठवला, तो मी बोलून दाखवला नाही. बंगालातल्या मुलांना झोपवायच्या गाण्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे स्वार. 1741 ते 1751 ही दहा वर्षं त्यांनी हा प्रदेश उभा जाळला आणि अखेर वर्षाला बारा लाख रुपये चौथाईचा करार करून थांबले. पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कशाने भरायचा, असा त्या गाण्यातला प्रश्न. मराठी पोरीला सून करून घेणाऱ्या घरातल्या आज्या हेच गाणं म्हणत मोठ्या झाल्या होत्या. कोणी त्याचा उल्लेख केला नाही. आपण इतिहासात ज्याला पराक्रम म्हणून शिकलो तो इथे रिकामी कणगी म्हणून उरला आहे, आणि आता त्याच घरात आम्ही तांदळाचं प्रमाण ठरवत बसलो होतो.

पण दोन प्रदेशांना पंगतीने जोडणारा याहून जुना धागाही आहे. श्रीहर्षाच्या 'नैषधीयचरित' या बाराव्या शतकातल्या महाकाव्याच्या सोळाव्या सर्गात नल-दमयंतीच्या लग्नाची पंगत आहे. दमयंती विदर्भाची, कुंडिनपूरची, म्हणजे मांडव आपल्या मुलखातला. वाफाळता, न मोडलेला, दाणा दाणा सुटा भात, तूप, मासे, मांस, दही. पदार्थ इतके की वऱ्हाड्यांना मोजता येईनात. नीहाररंजन राय यांनी 1949 सालच्या 'बाङालीर इतिहास'मध्ये या वर्णनावरून जुन्या बंगालचं लग्नाचं जेवण उभं केलं. श्रीहर्ष बंगाली होता का यावर पंडितांत वाद आहेत. लग्नात बायका जो 'उलूलू' ध्वनी करतात तो त्याच्या काव्यात आहे, हा त्यातला एक पुरावा. मला त्या वादाच्या निकालाची घाई नाही. विदर्भाच्या राजवाड्यात कवीने आपल्या ओळखीचं जेवण वाढलं असेल, तर दमयंतीच्या लग्नाचा फर्दही असाच दोन घरांनी मिळून लिहिलेला म्हणायचा.

मिठाईला फार वेळ लागला नाही. अग्रहायणात पहिली थंडी पडते, शिउली लोक खजुरीच्या झाडाला सांजेला छेद देऊन मडकं बांधतात, पहाटे रस उतरवतात, आणि त्याचा नवा गूळ बाजारात येतो. नोलेन गुडाचा संदेश, मिष्टी दही, आणि बागबाजारच्या नवीनचंद्र दासांनी 1868 साली प्रसिद्धीला आणलेला रसगुल्ला. माझ्या बहिणीच्या मनात एक खुपत होतं. दूध नासणं आपण लग्नघरात अशुभ मानतो, आणि इथे नासवलेल्या दुधाच्या छान्यावर सगळं गोड उभं. तिने विचारलं नाही. बुंदीचे लाडू आम्ही पुण्याहून आणू, एवढं म्हणाली, आणि ते लगेच लिहिलं गेलं.

फर्दाच्या तळाशी जेठूंनी दोन आकडे लिहिले होते. 'निरामिष 41, वेगळं 1.' त्या एकाबद्दल मी विचारलं. ती त्यांची आत्या, घरातल्या मुलांची पिशिठाकुमा. वय शहाऐंशी. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परत आली, तेव्हापासून स्वतःच्या हातचंच जेवते. माळ्यावरच्या खोलीशेजारी तिची छोटी चूल होती, आता गॅसची शेगडी आहे. मासा नाही, कांदा-लसूण नाही, मसूर नाही, उकडा तांदूळ नाही, फक्त आतप म्हणजे न उकडलेला.

बंगाली निरामिष स्वयंपाकाचं कौतुक करणाऱ्यांनी या खोल्या पाहायला हव्यात. केळफुलाचा मोचार घोंटो, हरभऱ्याच्या डाळीच्या वड्यांचं धोकार डालना, खसखशीचे वडे, भाज्यांच्या सालींच्या तळण्या, ही सगळी कला ज्यांच्या हातांत वाढली त्यांना मासा बंद केलेला होता. पोरवयात ज्यांचं पान तोडलं गेलं त्यांनी उरलेल्या चार वस्तूंतून चव काढली. विद्यासागरांच्या खटपटीने 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी कायदा पानापर्यंत पोचायला शतक पुरलं नाही. आणि विलक्षण अन्याय असा की त्यांच्या हातचा घोंटो लग्नाच्या पंगतीत मानाने वाढला जाई आणि त्या मात्र मांडवाच्या आसपासही फिरकत नसत. आपल्याकडच्या लाल आलवणातल्या बायकांनी किती लग्नांचे लाडू वळले असतील, आणि अक्षता पडताना त्या कुठल्या खोलीत बसल्या असतील? मी माझ्या पणजीला पाहिलेलं नाही, पण आईने सांगितलेलं आहे. त्या कागदावरचा 'वेगळं 1' मला पुढे वाचू देईना.

पिशिठाकुमा त्या संध्याकाळी काठी टेकत खाली आल्या. फर्द त्यांना वाचून दाखवला गेला. छँचडा ऐकून मान डोलावली, लाडू ऐकून हसल्या. बोउभाताच्या ओळीवर मात्र त्यांनी थांबवलं. तिथे केटररच्या नावाने तांदूळ लिहिलेला होता. सून हॉलमध्ये येईल, चांदीच्या वाटीतला थोडा भात पाच-सात वडीलधाऱ्यांना वाढेल, फोटो निघतील, मग लोक रांगेत उभे राहून आपापलं घेतील, अशी योजना होती. सगळीकडे असंच होतं. एकाच मेजावर फिश फ्राय आणि संदेश शेजारी मांडलेले असतात आणि माणूस हवं तिथून सुरुवात करतो. पिशिठाकुमा बंगालीत सावकाश म्हणाल्या ते मलाही समजलं. पाकस्पर्श म्हणता ना, मग पाकाला स्पर्श तरी करू द्या तिला.

जेठू म्हणाले, दोनशेऐंशी माणसांचा भात ती कशी शिजवील? "दोनशेऐंशींचा नको," त्या म्हणाल्या. "हांडीभर गोविंदभोग, आतप. माझ्या शेगडीवर."

खोलीत कोणी काही बोललं नाही. माझ्या बहिणीला भाषा कळली नव्हती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला पटकन सांगता येईना.

बोउभाताच्या त्याच तिसऱ्या दिवशी भातकापोडाचाही विधी असतो. नवरा बायकोच्या हातात साडी आणि भरलेलं ताट देतो आणि तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी घेतल्याचं सगळ्यांसमोर म्हणतो. भाची स्वतः कमावते, त्याच्यापेक्षा थोडं जास्तच. तिने हे होऊ देऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. तिने होऊ दिलं, आणि मग दुसरं ताट घेऊन त्याच्या हातात तेच शब्द ठेवले. बायकांनी उलूध्वनी केला, दोनदा.

त्याआधी पहाटे ती अंघोळ करून माळ्यावर गेली होती. मी जिन्यात थांबले. आत जायचा मला अधिकार आहे की नाही, हे कळत नव्हतं. तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग गोविंदभोगाचा तो दुधाळ वास. पुण्यात आंबेमोहोर शिजताना येतो तसा, पण थोडा अधिक हळवा. पेज वेगळ्या भांड्यात काढून ठेवायला पिशिठाकुमा सांगत होत्या.

दुपारी घरच्या अंगणात, हॉलवर जाण्याआधी, सतरा केळीची पानं मांडली. कडेला मीठ, लिंबाची फोड, एक हिरवी मिरची. भाचीच्या डोक्यावरून पदर सारखा घसरत होता. तिने एका हाताने हांडी पोटाशी धरली होती, तुपाचं भांडं घेऊन तिची नणंद मागे. जेठूंपासून सुरुवात झाली. शेवटचं पान पिशिठाकुमांचं, रांगेतच, भिंतीला टेकायला उशी दिलेली. भाची वाकली, भात वाढला, तूप पडलं. त्यांनी भाताला मध्ये खळगा केला, तूप आत जिरू दिलं, मीठ बोटाने ओढून घेतलं आणि घास तोंडात घातला. सदुसष्ट वर्षांत दुसऱ्याच्या हातचा पहिला. आम्ही सगळे पानावर हात ठेवून तसेच बसलो होतो. त्यांनी तो घास नीट चावून खाल्ला, हिरव्या मिरचीचं टोक मोडलं आणि पानाची रिकामी बाजू दाखवून म्हणाल्या, "आर एकटू दाओ, बोउमा." आणखी थोडा घाल.